छपन्न फुटांचें घर

न्हाव्याच्या धक्क्यावर उभें राहून पाहिलें असतां शेव्याच्या बंदरांतील उंच याऱ्या प्रथम दृष्टीस पडतात. हें बंदर १९८९ सालीं सुरू झालें, आणि तेव्हांपासून तीनशे मीटरांहून लांब अशीं कंटेनरवाहू जहाजें आमच्या नित्य पाहण्यांतलीं झालीं आहेत. न्हाव्यास १९१० सालीं स्थापन झालेल्या ‘रहमान’ या प्रशिक्षणसंस्थेमुळें जहाजावरची नोकरीहि इकडील घरांना नवी नाहीं. परंतु मोठ्या जहाजावर पहारा बदलतो. स्वयंपाकी वेगळा असतो, यंत्रें सांभाळणारे वेगळे असतात. हीं सर्व कामें एकाच माणसावर पडलीं, तर त्यानें निजावें केव्हां? या एका प्रश्नाचा विचार आज आम्हांस विद्यार्थ्यांबरोबर करावयाचा आहे.

प्रश्न काल्पनिक नव्हे. १९ ऑगस्ट २००९ रोजीं याच मुंबई बंदरांतून भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन एकटे निघाले, आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजीं परत आले. वाटेंत फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केप टाउन या चार बंदरांत त्यांनीं विसांवा घेतला. प्रत्यक्ष समुद्रावर १५७ दिवस काढले. एकट्यानें शिडांच्या बळावर पृथ्वी फिरणारे ते पहिले भारतीय होत. या उपक्रमामागील प्रेरणा व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. आणि नौका बांधली गोव्यांत, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत. मांडवी नदीचें दुसरें नांव म्हादेई, तेंच नौकेस मिळालें. लांबी छपन्न फूट, म्हणजे सुमारें सतरा मीटर. शेव्यास लागणाऱ्या जहाजापुढें ती केवढी, हें मुलांनीं भागाकार करून पाहावें.

अशा प्रदक्षिणेंत सुवेझ वा पनामा कालव्यांतून जातां येत नाहीं. लीउविन, हॉर्न आणि गुड होप या तिन्ही भूशिरांस दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो. दक्षिणेस चाळीस अंशांपलीकडे पश्चिमेचे वारे फारशा अडथळ्यावांचून वाहतात, म्हणून नौका पूर्वेकडे हांकतात. वारा पाठीशीं असतो खरा, पण त्याच्याबरोबर दुमजली घराएवढ्या लाटाहि पाठीशीं लागतात.

आतां झोंपेचें गणित पाहूं. लहान नौकेवर माणसाचा डोळा पाण्यापासून दोन मीटर उंच धरला, तर क्षितिज सुमारें पांच किलोमीटरांवर येतें. जहाजाचा वरचा भाग त्याहून दुरून दिसतो, पण पाऊस असला वा नौका दोन लाटांच्या मध्यें उतरली म्हणजे तोहि दिसत नाहीं. ताशी वीस सागरी मैल, म्हणजे सुमारें ३७ किलोमीटर, वेगानें येणारें जहाज वीस मिनिटांत बारा किलोमीटर कापतें. म्हणून जहाजांच्या वाटेवर एकट्यानें फिरणारे नाविक वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून निजतात: गजर होतो, उठून चहूंकडे पाहावयाचें, आणि पुन्हां पडावयाचें. दक्षिणेकडील ओसाड समुद्रांत जहाजें विरळ, तेथें थोडी अधिक झोंप मिळते. रडार व जहाजांची चाहूल देणारीं यंत्रें आतां मदतीस असतात. सुकाणूहि वाऱ्याच्या पंख्यानें वा विजेवर चालणाऱ्या यंत्रानें आपोआप फिरतें. पण वारा एकाएकी वाढला तर शीड आंखूड करावयास मनुष्यच लागतो, आणि वारा रात्र पाहून वाढत नाहीं असें थोडेंच आहे!

जाग्या वेळांतहि साहसापेक्षां घरकामच अधिक. शेगडी झुलती टांगलेली असते, म्हणजे नौका कलंडली तरी भाताचें भांडें सरळ राहतें. गोडें पाणी पिण्यापुरतें राखावयाचें, भांडीं समुद्राच्या पाण्यानें धुवावयाचीं, आणि पाऊस आला कीं स्नान उरकून घ्यावयाचें. खाऱ्या पाण्यानें भिजलेलें वस्त्र कधीं पुरें वाळत नाहीं, कारण त्यांतील मीठ हवेंतील ओलावा ओढून घेतें. मात्र सर्वांत महत्त्वाचें काम म्हणजे रोजची पाहणी. दोर एकाच जागीं घांसत राहिला तर झिजून तुटतो. एखादी खीळ सैल झाली तर डोलकाठीच धोक्यांत येते. म्हणून नौकेच्या नाळेपासून पिछाडीपर्यंत रोज हात फिरवून पाहावें लागतें, आणि तेंहि कमरेचा पट्टा नौकेस दोरानें बांधून. एकटा खलाशी पाण्यांत पडला तर नौका त्यास सोडून पुढें निघून जाते. तिला वळविणारें कोणी नसतें.

धोका केवढा, हें पुढें दिसून आलें. कमांडर अभिलाष टॉमी यांनीं याच ‘म्हादेई’वरून नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळांत कोठेंहि न थांबतां प्रदक्षिणा पुरी केली होती. २०१८ च्या सप्टेंबरांत ‘थुरिया’ या दुसऱ्या नौकेवर, दक्षिण हिंदी महासागरांत, वादळानें त्यांची डोलकाठी मोडली आणि पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. ‘ओसिरिस’ हें फ्रेंच जहाज येऊन पोंचेपर्यंत ते तीन दिवस आंतच पडून होते. तेच टॉमी २०२२ सालीं पुन्हां त्याच शर्यतींत उतरले आणि २०२३ च्या एप्रिलांत दुसरे आले.

दोघें असलीं म्हणजे झोंपेचें कोडें बरेंचसें सुटतें. २ ऑक्टोबर २०२४ रोजीं नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. या दोघी ‘तारिणी’ नौकेवरून गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजीं गोव्यास परत आल्या. वाटेंत दक्षिण प्रशांत महासागरांतील ‘पॉइंट निमो’ लागला. तेथून सर्वांत जवळची जमीन सुमारें २,६८८ किलोमीटर दूर आहे. अंतराळस्थानक डोक्यावरून जातें तेव्हां त्यांतील माणसें त्याहून जवळ असतात. तेथेंहि पाळी ठरलेलीच: एकीनें निजावें, दुसरीनें जागावें.