बयो, कॉपी माग, कन्व्हर्ट नको

बयो, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, लग्नाच्या सीड्या कुणाला तरी देऊन पेनड्राइव्हवर करून घे." घेते गं. पण आधी थोडं ऐक, कारण इथेच मी एकदा चुकलेय.

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची डीव्हीडी मी एका दुकानात दिली. "कन्व्हर्ट करून द्या," एवढंच म्हणाले. चार जीबीची तबकडी गेली आणि सहाशे एमबीची फाइल आली. मोबाइलवर छान दिसली. टीव्हीला लावली, तर आजीच्या गालावरच्या सुरकुत्याच पुसलेल्या, ओवाळताना निरांजनांच्या जागी पिवळे चौकोन. मूळ तबकडी मागायला गेले, ती सापडलीच नाही.

म्हणून सांगते, कॉपी वेगळी आणि कन्व्हर्ट वेगळं. कॉपी म्हणजे आहे ते जसंच्या तसं उचलणं. कन्व्हर्ट म्हणजे चित्र उलगडून पुन्हा दाबून बसवणं. त्या दाबण्यात बारीकसारीक जातं आणि गेलेलं परत येत नाही. डीव्हीडीत व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर असतो. त्यात एकेक जीबीपर्यंतच्या व्हीओबी फायली असतात, आणि कुठला तुकडा कशानंतर हे सांगणाऱ्या छोट्या आयएफओ फायली. तो अख्खा फोल्डर आण. नाहीतर सबंध तबकडीची एकच आयएसओ फाइल करून घे. डब्यावर 4.7 जीबी छापलंय आणि लॅपटॉप 4.38 दाखवतो म्हणून घाबरू नकोस. कंपनी हजारांनी मोजते, लॅपटॉप 1024 नी.

तुझ्या साखरपुड्याच्या मात्र व्हीसीडी आहेत. त्यांचं चित्रच 352 बाय 288 ठिपक्यांचं, डीव्हीडीचं 720 बाय 576, म्हणजे चौपटीहून जास्त. कुणी "एचडी करून देतो" म्हणालं तर पैसे देऊ नकोस. जे ठिपके टिपलेच नाहीत ते कुठून येणार? आणि व्हीसीडीची कॉपी आधी कर. एका तबकडीत जास्त चित्र मावावं म्हणून तिच्यात चूक दुरुस्त करायची जादा सोय कमी ठेवलेली असते. डीव्हीडी सोसेल तो ओरखडा तिला अडवतो.

वरातीत मुली नाचतात तिथे हातांच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतील. ती खराबी नाही. जुना कॅमेरा सेकंदाला पन्नासदा अर्ध्या अर्ध्या ओळी टिपायचा, एकदा विषम, एकदा सम. व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस चालू केलंस की दात जातात. फाइलला हात लावायची गरज नाही.

आता तबकड्यांचं. परवा वरसेच्या घरात लोखंडी कपाट उघडून एकेक ट्यूबलाइटसमोर धरली. विकतच्या सिनेमाच्या तबकडीची पाठ चांदीसारखी, आपल्या लग्नाच्या डीव्हीडीची जांभळट. तो जांभळा रंगच लेझरने भाजून त्यात तुझं लग्न लिहिलंय. ऊन लागलं की तो रंग विटतो, म्हणून वाळवायच्या निमित्ताने गच्चीवर ठेवू नकोस. कुंडलिकेकाठच्या आपल्या पावसाळी हवेत प्लॅस्टिकच्या पाकिटांना बुरशी धरते, म्हणून ती पाकिटं मी काढून टाकली. पुसताना मऊ सुती कापड मधून कडेकडे सरळ न्यायचं. गोल फिरवलंस तर ओरखडा लिहिलेल्या वाटेवरूनच जातो आणि सलग मजकूर खातो. व्हीसीडीच्या नावाच्या बाजूवर बॉलपेन नको हं. आरशाचा थर त्याच बाजूला, पातळ रंगाखाली असतो.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागली. तबकडीची वाट मधल्या भोकापासून सुरू होऊन बाहेर जाते. तुझं गणेशपूजन आत आहे, पाठवणी अगदी कडेला. आणि कडेला तर आपण सगळे बोटं लावून धरत आलो. तुझी डीव्हीडी बाबा दारात उभे आहेत तिथे अडकते.

पुसून पाहिली, माझ्या ड्राइव्हमध्ये नाही चालली. पण एका ड्राइव्हला जे जमत नाही ते कधीकधी दुसरा वाचतो. दिवाळीला येताना तुझा तो जुना, जड लॅपटॉप घेऊन ये. तोवर ती डीव्हीडी मी नव्या डबीत उभी ठेवलीय, कुणालाही देणार नाही.