एसी बंद पडेल तेव्हाच बोनेट उघडा

गाडीचा एसी कायमचा बंद पडला, तर बिघाड सापडायला फार वेळ लागत नाही. छळतो तो मधूनच बंद पडणारा एसी. सकाळी थंडगार हवा, दुपारी नुसत्या झळा आणि गॅरेजच्या दारात गाडी उभी केली की पुन्हा थंडगार! अशा गाडीवर बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो, तो म्हणजे गॅस भरणं. माझ्या गाडीवरही तोच झाला. त्या दिवसांत मागच्या सीटवर माझे वडील असायचे, म्हणून हे सगळं तपशिलात सांगावंसं वाटतं.

वडिलांना हृदयाच्या तपासणीसाठी अकोल्याहून नागपूरला न्यावं लागे. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि महिना मे. वऱ्हाडात तेव्हा पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो. काचा खाली केल्या तर वारा नाही, भट्टीची धग आत येते. मूर्तिजापूर मागे पडलं की आमच्या एसीची हवा हळूहळू कोमट आणि मग गरम व्हायची. ब्लोअर जोरात चालू, डॅशबोर्डवरचा एसीचा दिवाही लागलेला, पण थंडावा नाही. "अरे, जरा सावलीत थांबव रे," वडील म्हणायचे. त्यांच्या आवाजातला थकवा ऐकला की पोटात गोळा यायचा. निंबाखाली गाडी लावून त्यांना पाणी पाजायचो. अर्ध्या तासाने निघालो की एसी पहिल्यासारखा.

गॅरेजमध्ये उत्तर तयार असे : गॅस कमी झालाय. भरला. पुढच्या फेरीत तेच. मग दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, कंप्रेसर गेला, नवा टाकावा लागेल. माझा प्रश्न साधा होता. कंप्रेसर गेला असेल, तर सकाळी तासभर तो इतका उत्तम कसा चालतो? आणि गॅस कमी असेल, तर निंबाच्या सावलीत तो परत कुठून येतो? याचं उत्तर कोणी दिलं नाही, म्हणून मी कंप्रेसर बदलायला नकार दिला.

बिघाड सापडला अमरावतीच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे. त्यांनी गाडीला हातही लावायच्या आधी सांगितलं, "भाऊ, थंड्या गाडीत काई दिसनार नाई. तापू द्या तिले, मंग पाहू." गाडी भर उन्हात उभी केली, इंजिन चालू, एसी पूर्ण. एसी बंद पडेपर्यंत ते शांतपणे बसून राहिले. ताप चढलेला असतानाच नाडी पाहावी, तसं हे होतं. हवा गरम झाल्याबरोबर ते उठले आणि कंप्रेसरच्या क्लचकडे जाणाऱ्या वायरवर मीटर लावला. मीटर बारा व्होल्टहून थोडं जास्त दाखवत होता, म्हणजे करंट पोचत होता. पट्ट्यावरची पुली फिरत होती, पण तिच्या पुढची प्लेट जागच्या जागी उभी होती.

एवढ्या एका पाहणीत निम्मा प्रश्न सुटतो. कंप्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, पण तो सतत फिरत नाही. पुलीच्या मागे तांब्याच्या तारेची मॅग्नेट कॉइल असते. एसी चालू केला की तिच्यात करंट जातो, ती पुढची लोखंडी प्लेट ओढून पुलीला चिकटवते, टक असा आवाज होतो आणि कंप्रेसर फिरू लागतो. थंडावा गेलेला असताना क्लचपर्यंत करंट पोचतच नसेल, तर दोष फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, सेन्सर किंवा वायरिंगमध्ये शोधायचा. करंट पोचतो आहे आणि प्लेट ओढली जात नाही, तर दोष कॉइलमध्ये किंवा प्लेटच्या फटीत. आणि प्लेट फिरते आहे तरी थंडावा नाही, तर मग गॅस, व्हॉल्व्ह, पंखा, कंप्रेसर यांच्याकडे वळायचं. हा क्रम उलटा केला की खिसा रिकामा होतो आणि बिघाड तसाच राहतो.

आमच्या गाडीत फट वाढली होती. प्लेट आणि पुली यांच्यातली फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा ज्या त्या कंप्रेसरचा वेगळा. वर्षानुवर्षं घासून ती रुंदावते. त्यात तांब्याचा एक गुण असा, की तापमान एका अंशाने वाढलं की त्याचा विद्युत रोध सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल ऐंशी अंशांनी तापली, तर तिच्यातून जाणारा करंट जवळजवळ पाव हिश्शाने घटतो. सकाळी थंड कॉइलची ओढ रुंद फटीलाही पुरते. दुपारी तापलेल्या कॉइलला ती झेपत नाही. सावलीत निवली की पुन्हा झेपते. मेस्त्रींनी प्लेट उतरवली, आतली एक पातळ वॉशर काढून फट कमी केली, मापपट्टीने चारही बाजूंनी तपासली आणि प्लेट परत बसवली. नवा भाग एकही लागला नाही. प्रत्येक गाडीत हे इतक्यावर भागेल असं नाही. प्लेट फार झिजली असेल किंवा कॉइल जळली असेल, तर क्लचचा सेट बदलावा लागतो. पण बऱ्याच गाड्यांत तो सेट वेगळा मिळतो, त्यासाठी अख्खा कंप्रेसर टाकायची गरज नसते. हे विचारल्याशिवाय कंप्रेसर बदलायला होकार देऊ नका.

मधूनच रुसणाऱ्या प्रत्येक एसीचं कारण क्लचच असतं असं मात्र नाही. म्हणून एसी कुठे, कधी आणि कसा बंद पडतो, याची नोंद ठेवा. माझ्या मते ही नोंद कुठल्याही मशीनपेक्षा मोलाची आहे. पुण्यात सिग्नलला उभं राहिल्यावर हवा कोमट होते आणि गाडी पळू लागली की गार, असं असेल तर पहिला संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्या. गाडी पळताना समोरचा वारा कंडेन्सर थंड करतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. पंखा बंद असेल किंवा कंडेन्सरच्या जाळीत धूळ नि किडे अडकले असतील, तर दाब चढतो आणि प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो. जाळी धुताना पाण्याचा मारा जपून करा, तिच्या पातळ पात्या वाकतात.

याच्या उलट, समृद्धी महामार्गासारख्या लांब रस्त्यावर तासभर एसी उत्तम चालतो आणि मग हवेचा झोत मंदावत जातो, ब्लोअरचा आवाज मात्र तेवढाच असतो. इथे डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरलेला असतो. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत झोत परत आला आणि गाडीखाली भरपूर पाणी गळलं, तर निदान जवळपास पक्कं. कॉइल गोठायच्या आत कंप्रेसर थांबवणारा सेन्सर बिघडलेला असतो, किंवा केबिन फिल्टर कचऱ्याने बुजलेला असतो, किंवा गॅस थोडा कमी असतो. फिल्टर स्वस्त, बदलायला सोपा, म्हणून आधी तो पाहा. कोकणात पावसाळ्यात हा त्रास जास्त, कारण हवेत बाष्प जास्त.

झोत जोरात आहे, क्लच फिरतो आहे, तरी थंडावा अचानक जातो आणि थोड्या विश्रांतीनंतर परत येतो, असं असेल तर आत पाणी शिरल्याची शंका घ्यावी. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात ते गोठतं आणि गॅसची वाट अडवतं. हे पाणी बहुधा गॅस भरतानाच्या घाईतून आलेलं असतं : पाइप उघडले आणि व्हॅक्यूम पुरेसा केला नाही. राहिला घाटातला चढ. तिथे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर किंवा इंजिन फार तापल्यावर बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर स्वतःच कंप्रेसर काही वेळ बंद ठेवतो. थोडक्या वेळापुरतं असेल तर तो बिघाड नाही. इंजिन मात्र का तापतंय ते पाहायलाच हवं.

आता गॅसविषयी, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद वर्तुळात फिरतो. कमी झाला असेल, तर कुठून तरी गळला आहे, आणि गळती न शोधता वरून भरलेला गॅसही तिथूनच जाणार. गाडी बंद असताना गेज लावून "बघा, प्रेशर कमी आहे" असं कोणी म्हणालं, तर मान डोलावू नका. आत थोडासा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल, तरी बंद गाडीतला दाब फक्त तापमानावर ठरतो. आपल्याकडे अजून बहुसंख्य गाड्यांत असलेल्या आर-१३४ए चा दाब ३० अंशांना साधारण ९५ पीएसआय, ४० अंशांना १३० च्या आसपास. गॅस पुरेसा असो वा निम्मा, आकडा तोच दिसेल. खरं माप एकच : जुना गॅस मशीनने काढून घ्यायचा, वजन करायचं आणि बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतका भरायचा. जास्त भरला तर थंडावा उलट घटतो आणि कंप्रेसरवर ताण येतो.

त्यामुळे गॅरेजमध्ये चार गोष्टी आग्रहाने मागा. गळती नायट्रोजनच्या दाबाने किंवा रंग टाकून शोधली का. व्हॅक्यूम किमान अर्धा तास केला का आणि पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहिला का. किती ग्रॅम भरला हे बिलावर लिहिलं का. आणि बदललेला जुना भाग हातात दिला का. कंप्रेसर खरोखरच आतून खराब होऊन बदलला असेल, तर त्यातला धातूचा कीस सगळ्या पाइपांत पसरलेला असतो. पाइप धुतले नाहीत आणि ओलावा शोषणारा ड्रायर बदलला नाही, तर नवा कंप्रेसरही लवकर जातो.

घरच्या घरी करण्यासारखं थोडंच आहे. फ्यूज पाहणं, एसीचा रिले त्याच प्रकारच्या दुसऱ्या रिलेशी, उदाहरणार्थ हॉर्नच्या, बदलून पाहणं, फिल्टर झटकणं, बोनेट उघडून क्लचची प्लेट फिरते का ते लांबून पाहणं. चालू इंजिनजवळ हात, ओढणी, पदर नको. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. गॅसचे पाइप स्वतः सैल करू नका. आर-१३४ए हवेत येताच उणे २६ अंशांना उकळतो, त्वचा आणि डोळे क्षणात भाजावेत तसे गोठतात.

गळती, पंखा, फिल्टर यांची तपासणी फेब्रुवारीतच उरकून घ्या, तेव्हा मेस्त्रीला वेळ असतो. तापल्यावरच दिसणारा बिघाड मात्र तेव्हा सापडणार नाही. त्यासाठी एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी, घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर न घेता, दोन तास गाडी चालवा आणि एसी बंद पडला की तशीच, इंजिन बंद न करता, मेस्त्रीच्या दारात न्या.