हात स्टीअरिंगवर, मनू

मनू, नचिकेतने पिस्तूल घेतल्याचं तू सांगितलंस तेव्हा आई माझ्या शेजारीच बसली होती, म्हणून मला नीट बोलता आलं नाही. आता बोलते. घ्यावं की घेऊ नये हा वाद मी उकरणार नाही. एनसीसीत असल्यापासून त्याला नेमबाजीची हौस, तुम्हा दोघांची ग्रीन कार्डं आलीत, टेक्सासचा कायदा परवानगी देतो. तुमचं तुम्ही ठरवलंत. माझा जीव अडकलाय तो वेगळ्याच गोष्टीत. एखाद्या रात्री ह्यूस्टनच्या फ्रीवेवर तुमच्या गाडीमागे लाल-निळे दिवे लागतील आणि पिस्तूल गाडीत असेल, तेव्हाच्या पहिल्या दोन मिनिटांची मला काळजी आहे.

मी सेंट पॉलला राहते, त्यामुळे फिलँडो कॅस्टीलचं नाव माझ्या मनातून जात नाही. बत्तीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण, इथल्या जे. जे. हिल माँटेसरी शाळेच्या स्वयंपाकघराचा प्रमुख. पोरं जेवणाच्या रांगेत आली की त्यांना नावाने हाक मारायचा. ६ जुलै २०१६ च्या रात्री फाल्कन हाइट्समध्ये पोलिसांनी त्याची गाडी थांबवली. शेजारी मैत्रीण, मागे तिची चार वर्षांची मुलगी. कॅस्टीलकडे पिस्तूल बाळगण्याचा मिनेसोटाचा रीतसर परवाना होता. अधिकाऱ्याने लायसन्स आणि विम्याचं कार्ड मागितलं. त्याने कार्ड दिलं आणि अगदी अदबीने सांगितलं, की माझ्याजवळ पिस्तूल आहे. मग, त्याला हात लावू नकोस, बाहेर काढू नकोस, असं बजावणं सुरू झालं. मी काढत नाहीये, असं तो म्हणतोय, मैत्रीणही म्हणतेय, आणि तेवढ्यात सात गोळ्या. बोलणं सुरू होऊन मिनिटभरही झालं नव्हतं. त्या अधिकाऱ्यावर खटला चालला आणि जून २०१७ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं.

यातल्या दोन गोष्टी मी तुला हात धरून दाखवते. पहिली अशी, की कॅस्टीलला कारण सांगितलं गेलं ब्रेक लाइटचं, पण अधिकाऱ्याच्या डोक्यात काही दिवसांपूर्वीचा एक दरोडा होता. हा चेहरा त्यातल्या माणसासारखा दिसतो, असं तो आधीच रेडिओवर बोलला होता. आपल्याला वाटतं साधा दिवा गेलाय, आणि समोरचा मात्र मनात भलतंच घेऊन गाडीशी आलेला असतो. दुसरी गोष्ट मला जास्त छळते. एक हुकूम होता लायसन्स दे, दुसरा होता हात नेऊ नकोस. दोन्ही एकदम पाळायचे कसे? म्हणून सांगते, हुकूम एकमेकांवर आदळले की हातांनी काहीच करायचं नाही. हात स्टीअरिंगवर, बोटं पसरलेली, आणि फक्त तोंडाने विचारायचं: लायसन्स मागच्या खिशात आहे, पिस्तूल उजव्या कमरेला आहे, मी काय करू? उत्तर येईपर्यंत हात हलवायचा नाही. अधिकारी ओरडला तरी नाही.

मला याचा राग येतो, मनू. प्रशिक्षण त्याला दिलेलं, पगार त्याला, चिलखतही त्याच्या अंगावर, आणि शांत राहण्याची जबाबदारी मात्र गाडीत बसलेल्यावर. हे बरोबर नाही. पण ते बदलेल तेव्हा बदलेल; नचिकेतला उद्या सकाळी गाडी चालवायची आहे.

गावी आजोबांची बारा बोअरची बंदूक आठवते ना? निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची आणि पावती घ्यायची. कोणाच्या घरी बंदूक आहे हे ठाण्याला ठाऊक असे. टेक्सासमध्ये अशी नोंदच नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून तर एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. म्हणजे खिडकीशी येणारा अधिकारी प्रत्येक गाडीत ते असेल असं धरूनच येतो. तरीही नचिकेतने परवाना काढावाच असं माझं ठाम मत आहे. कारण तुमची शाळेची फेरी. शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे, आणि त्यातून सूट मिळते ती त्या राज्याने परवाना दिलेल्याला. नुसतं 'टेक्सासमध्ये चालतं' एवढ्यावर ती मिळत नाही. तुमच्या सईला शाळेत सोडायला तो पिस्तूल कमरेला लावून गेला तर हाच मुद्दा येईल. परवान्याच्या वर्गात चार गोष्टी शिकवतात, त्या वेगळ्याच.

परवाना असला, पिस्तूल जवळ असलं आणि पोलिसाने ओळखपत्र मागितलं, तर टेक्सासमध्ये लायसन्सबरोबर परवानाही दाखवायचा असतो. पण कागद काढण्याआधी तोंडाने सांगायचं. 'गन' हा शब्द पहिला नको. रस्त्यावरच्या आवाजात मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या पोलिसाला तेवढाच ऐकू येतो. त्याला हे वाक्य पाठ करायला लाव: 'ऑफिसर, आय हॅव अ लायसन्स टु कॅरी, अँड आय ॲम कॅरिंग टुडे. हाऊ वुड यू लाइक मी टु प्रोसीड?' आरशासमोर दहा वेळा म्हणू दे. घाबरलं की आपलं इंग्रजी भरभर होतं आणि हातवारे सुरू होतात, माहीत आहे ना तुला? अधिकाऱ्याने सुरक्षेसाठी पिस्तूल ताब्यात घेतलं तर घेऊ दे, जाताना ते परत मिळतं. ते स्वतः काढून त्याच्या हातात द्यायला मात्र जायचं नाही. गाडीतून उतर म्हणाला तर उतरायचं. तो अधिकार सुप्रीम कोर्टाने १९७७ सालीच पोलिसांना दिलाय. गाडी तपासू का, असं विचारलं तर सौम्यपणे 'माझी संमती नाही' म्हणता येतं. आपल्याला ते उद्धटपणाचं वाटतं, पण नाही, तो आपला हक्क आहे. तरीही त्याने तपासलीच, तर अडवायचं नाही. भांडण वकिलामार्फत कोर्टात.

आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये विम्याचे कागद नि पिस्तूल एकत्र ठेवू नका गं. कागद मागितले की तोच कप्पा उघडायचा आणि आत आधी दिसणार पिस्तूल! कागद वर सनव्हायझरला अडकवा. रात्र असेल तर आतला दिवा लावायचा, काचा खाली, इंजिन बंद, आणि हे सगळं अधिकारी गाडीशी पोचायच्या आत.

आता आई-बाबा. उन्हाळ्यात तुमच्याकडे येतील तेव्हा त्यांनाही समजावून ठेव. बाबांना सवय आहे, हवालदाराने थांबवलं की गाडीतून उतरायचं, कागदपत्रांची पिशवी घेऊन त्याच्याकडे चालत जायचं आणि दोन गोड शब्द बोलायचे. आपल्याकडे तो सभ्यपणा, इथे त्यालाच धोका समजतात. आई तर मदत म्हणून आपणहून ग्लोव्ह बॉक्स उघडेल, नाहीतर सईचं पाणी काढायला पायाशी वाकेल. दोघांना आधीच सांग, हात मांडीवर, आणि विचारल्याशिवाय मराठीतूनही काही बोलायचं नाही.

टेक्सासबाहेर गेलात की नियमही बदलतात. न्यू ऑर्लिन्सला जाल तेव्हा लुइझियानाची हद्द लागते. तिथे पोलीस समोर आला की परवानाधारकाने स्वतःहून सांगायचं असतं, विचारण्याची वाट पाहायची नसते. मिशिगनमध्येही तसंच. आणि न्यू जर्सीत एडिसनला मावशीकडे जाल तेव्हा पिस्तूल घरीच राहू दे. न्यू जर्सी दुसऱ्या कोणत्याच राज्याचा परवाना मानत नाही. २०१३ साली फिलाडेल्फियाच्या एका आईने तिथे गाडी थांबवल्यावर प्रामाणिकपणे सांगितलं, माझ्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना आहे, पिस्तूलही आहे. तिला तिथेच अटक झाली. तुरुंगवास डोक्यावर टांगलेला राहिला आणि शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नरांनी तिला माफी दिली.

सगळ्यात नाजूक गोष्ट आहे तुझ्या दिराची. ओंकार स्टुडंट व्हिसावर आहे. विद्यार्थी असो की एच-वन-बीवाला, अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला पिस्तूल किंवा एक काडतूससुद्धा जवळ बाळगायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, तेवढेच. टेक्सासने कितीही मोकळीक दिली तरी त्याला ती नाही. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत, आणि वर देशाबाहेर रवानगी. फ्लोरिडात स्टुडंट व्हिसावर आलेला एक मुलगा, रहैफ, नापास होऊन कॉलेजमधून निघाला, व्हिसाही गेला. मग तो एका शूटिंग रेंजवर जाऊन नेम मारून आला, आणि तेवढ्यावर शिक्षा झाली. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. २०१९ मध्ये कोर्टाने म्हटलं, आपण बेकायदा राहतोय हे त्याला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. पण तिथवर पोचेपर्यंत त्या पोराची वर्षं गेलीच ना?

ओंकार शनिवारी तुमचीच गाडी घेऊन ऑस्टिनला जातो. आत पिस्तूल राहिलंय हे ठाऊक असून तो निघाला आणि वेगाच्या तिकिटासाठी जरी कोणी थांबवलं, तर ते त्याच्या ताब्यात होतं असं धरलं जाऊ शकतं. 'दादाचं आहे' हे उत्तर त्याला वाचवेलच असं नाही. नचिकेतबरोबर रेंजवर गंमत म्हणूनही त्याला नेऊ नका. घरात कुलपाची तिजोरी घ्या, किल्ली किंवा आकडा फक्त तुम्हा दोघांकडे, आणि गाडी दुसऱ्याच्या हातात देण्याआधी नचिकेतने स्वतः ती बघायची.

परवान्याचा वर्ग कुठला लावताय ते मला कळव. एखादा इमिग्रेशनचा वकील गाठून अर्धा तास ओंकारच्या बाबतीत बोलून घ्या, त्याची फी मी भरते. आणि आज गुरुवार आहे, तो शनिवारी गाडी न्यायला येईल, त्याच्या आत त्याच्याशी बोल.