बालकाची साक्ष आणि शिक्षकाचे कर्तव्य

बालकावर लैंगिक अत्याचार घडतो, तेव्हा त्याचा साक्षीदार बहुधा ते बालक स्वतःच असते. असला अपराध चारचौघांदेखत होत नाही. म्हणून न्यायालयापुढे प्रश्न उभा राहतो की, सात-आठ वर्षांच्या मुलाच्या शब्दावर एखाद्या माणसास तुरुंगात धाडावे काय? एका पारड्यात बालकाचे आयुष्य असते, दुसऱ्यात आरोपीचे स्वातंत्र्य. हा तराजू कसा धरला जातो, हे प्राथमिक शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण पुष्कळदा बालक प्रथम त्याच्याजवळच बोलते, आणि बालकाच्या वयाचा कागदही त्याच्याच कपाटात असतो.

१. साक्ष देण्याची पात्रता

साक्ष देण्यास कायद्याने वयाची अट घातलेली नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. प्रश्न समजून त्यांस सुसंगत उत्तरे देता आली पाहिजेत, एवढेच. न्यायाधीश प्रथम नाव, शाळा, घरची माणसे अशा साध्या गोष्टी विचारून बालकाची समज पाहतो. बारा वर्षांखालील बालकास शपथेचा अर्थ कळत नसला, पण खरे बोलले पाहिजे हे कळत असले, तर १९६९ च्या शपथ कायद्यानुसार शपथेवाचूनही त्याची साक्ष घेता येते.

२. एक मार्गदर्शक निवाडा

१९५१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्याचा निकाल दिला. पीडित मुलगी आठ वर्षांची होती. पुष्टी देणारा पुरावा नाही, या कारणास्तव सत्र न्यायालयाने आरोपीस सोडले होते. उच्च न्यायालयाने ते फिरविले. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्पष्ट केले की, पुष्टी ही कायद्याची अट नसून सावधगिरीचा नियम आहे. तो न्यायाधीशाने ध्यानात बाळगावा. मात्र परिस्थिती विश्वसनीय असेल तेथे पुष्टीवाचूनही दोषी ठरविता येते. मुलीने काही तासांतच आईस सांगितलेली हकीकत ही पुष्टी म्हणून ग्राह्य धरण्यात आली.

३. तोलण्याची रीत

बालकाच्या सांगण्याचा गाभा आरंभापासून अखेरपर्यंत एकच आहे काय, हे न्यायालय पाहते. वेळ, वार वा कपड्यांचा रंग यांतील किरकोळ तफावतीने साक्ष फेकून दिली जात नाही. पण पढविलेल्या साक्षीपासून न्यायालय सावध असते. अंगावर जखम आढळली नाही, एवढ्यावरून अपराध घडलाच नाही असे ठरत नाही. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमात प्रमुख अपराधांबाबत आरोपीविरुद्ध गृहीतक आहे. तथापि मूळ घटना अभियोग पक्षाने आधी सिद्ध करावी लागते.

याच अधिनियमान्वये वकिलाने आपले प्रश्न न्यायाधीशामार्फतच विचारावयाचे असतात. बालकास वारंवार बोलावू नये, आरोपी त्याच्या दृष्टीस पडू नये व सुनावणी बंद दालनात व्हावी, अशीही तरतूद आहे. भेदरलेल्या मुलाच्या तोंडून सत्य नीट बाहेर पडत नाही, हे यामागील तत्त्व होय.

४. वयाचा पुरावा

हा अधिनियम अठरा वर्षांखालील बालकांपुरता असल्याने वय सिद्ध होणे आवश्यक असते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे प्रथम शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र अथवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसल्यास वैद्यकीय चाचणी, असा क्रम आहे. २०२३ साली पी. युवप्रकाश खटल्यात, शाळा सोडल्याचा दाखला व प्रवेशनोंदीचा उतारा ही या कलमातील कागदपत्रे नव्हेत, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्या आधारावरील दोषसिद्धी रद्द केली. अंदाजाने लिहिलेली जन्मतारीख न्यायालयात टिकत नाही. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला पाहून, तारीख कशाच्या आधारे नोंदविली तेही जनरल रजिस्टरात लिहावे.

५. शिक्षकाने काय करावे

बालक बोलू लागले की शांतपणे ऐकावे. ‘अमक्यानेच केले ना?’ असा उत्तर सुचविणारा प्रश्न विचारू नये. त्यामुळे खरी साक्षही पढविलेली वाटू लागते. बालकाचे शब्द त्याच्याच बोलीत, दिनांक व वेळेसह लिहून ठेवावेत. शाळेत स्वतंत्र चौकशी मांडू नये, आरोपीस समोर आणू नये, आपसांत मिटवू नये. पोलिसांस कळविणे कलम १९ अन्वये बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड वा दोन्ही, आणि हाताखालील माणसाचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो. सद्भावनेने कळविणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे. बालकाचे नाव गावात फुटू देऊ नये.

न्यायनिवाडा करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. बालकाचा पहिला शब्द जसाच्या तसा न्यायालयापर्यंत पोहोचू देणे, हे त्याचे काम आहे. ते नीट झाले तर बालकास न्याय मिळतो, आणि निरपराध माणूसही अकारण भरडला जात नाही.

मननार्थ प्रश्न
(१) पुष्टी हा सावधगिरीचा नियम आहे, म्हणजे काय?
(२) उत्तर सुचविणाऱ्या प्रश्नाने कोणती हानी होते?
(३) आपल्या शाळेच्या रजिस्टरातील किती जन्मतारखांचा आधार नोंदलेला आहे, हे तपासून पाहा.