घरांत सांपडलेल्या भुंगेऱ्याची ओळख

घाटंजीच्या बाजूस तुरीची रास घरांत येऊन पडली, कीं फाल्गुन-चैत्राच्या सुमारास भिंतीवर, दिव्याजवळ, कधीं अंथरुणावरहि लहानसा तपकिरी किडा दिसूं लागतो. कोणी त्यास ढेकूण समजतो, कोणी लांकडांतील किडा म्हणतो. नांव चुकलें म्हणजे उपायहि चुकतो. आम्हीं पाहिलेल्या एका घरीं आढ्यास औषध फवारलें होतें. कीड मात्र कोपऱ्यांतील कणगींत निर्धास्त वाढत होती.

किडा सांपडतांच चिरडूं नये. तो कांचेच्या बाटलींत घालून उजेडांत पाहावा. तोंडापुढें सोंड असेल तर तो सोंडकिडा. त्याचें मूळ ज्वारींत, गव्हांत किंवा तांदुळांत शोधावें. सोंड नसून अंग चपटें व तांबूस असल्यास तो पिठांतला भुंगेरा. परंतु अंग टपोरें, लांबी ३-४ मिलिमीटर, आणि वरचे पंख आंखूड असल्यानें पोटाचें टोंक मागें उघडें राहिलेलें दिसलें, तर तो कडधान्याचा भुंगेरा समजावा. मृगाच्या पावसानंतर दिव्यावर येऊन आपटणारा मोठा तांबूस भुंगेरा बहुधा हुमणीचा असतो. त्याचें खाणें निंब-बाभळीवर. त्यासाठीं घरांतील धान्य उपसणें व्यर्थ आहे.

कडधान्याच्या भुंगेऱ्याची खात्री करण्यास ओंजळभर तूर ताटांत पसरावी. दाण्यांच्या सालीवर खसखशीहून बारीक पांढरे ठिपके चिकटलेले आढळतील, तींच अंडीं. अळी अंड्याच्या तळांतूनच थेट दाण्यांत शिरते, त्यामुळें आरंभीं दाणा धड दिसतो आणि पाखडतांना कांहीं कळत नाहीं. उष्ण दिवसांत सुमारें महिन्याभरांत तिचा भुंगेरा होऊन गोल छिद्रांतून बाहेर पडतो. हा मोठा किडा सांठ्यांतील दाणा खात नाहीं. नासाडी होते ती अळीकडून. तेव्हां भिंतीवरील चार किडे मारून समाधान मानूं नये. पुष्कळांस वाटतें, कीड घरांतच उपजते. वस्तुतः मादी शेतांत पिकत्या शेंगांवरहि अंडीं घालते व कीड राशीबरोबर घरीं येते.

छिद्र पडलेला दाणा बियाण्यांत ठेवूं नये. उगवण विरळ होऊन दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. उरलेली तूर, दाताखालीं दाणा कट्कन फुटेपर्यंत, कडक उन्हांत वाळवावी व कणगीच्या फटी साफ करून लिंपाव्या. घरखर्चाच्या तुरीची डाळ लौकर करावी, कारण मादीस अंड्यांसाठीं बहुधा अखंड दाणाच लागतो. ठेवणीच्या दाण्यास किलोमागें ५ मिलिलिटर गोडें तेल चोळल्यास अंडीं बहुतेक मरतात. कडधान्यास तेल लावण्याची रीत आपल्या घरच्या स्त्रियांस पूर्वापार ठाऊक आहे; ती त्यांना आम्हीं शिकवावी असें नाहीं!

ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हवेंतील ओलाव्यानें प्राणघातक वायु सोडतात. राहत्या घरांत त्या कदापि ठेवूं नयेत.

इतक्यावरहि किडा ओळखूं न आल्यास बाटलींत तो व ज्यांत सांपडला ते मूठभर दाणे, असे दोन्ही यवतमाळच्या कृषि विज्ञान केंद्रांत दाखवावे. नुसत्या किड्यापेक्षां दाण्यासह नेल्यास नांव लौकर लागतें.