पांतेल्लेरिया बेटावरील आळ्यातील द्राक्षवेल

भूमध्य समुद्रात सिसिली व ट्युनिशिया यांच्या दरम्यान पांतेल्लेरिया नावाचे इटलीचे एक बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८३ चौरस किलोमीटर असून जमीन ज्वालामुखीजन्य आहे. बेटावर नदी नाही. पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा जातो आणि वारा तर बारमाही. असे असूनही येथे द्राक्षाची शेती शतकानुशतके पाटाच्या पाण्यावाचून चालत आली आहे. ती कशी, हे ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे.

बंदरावरून पश्चिम किनाऱ्याने निघालेल्या प्रवाशास प्रथम मुर्सिया येथील ‘सेसी’ दिसतात. काळ्या दगडांनी, चुन्यावाचून रचलेल्या या कांस्ययुगीन समाधी होत. उत्तरेकडे ज्वालामुखीच्या विवरात ‘शुक्राचा आरसा’ या नावाचे सरोवर आहे व त्याच्या काठी उष्ण झरे आहेत. प्रवासी येथे बराच वेळ रमतात. शेतकऱ्याने मात्र पुढे घिरलांदाच्या सखल भागात जावे. खरे पाहण्यासारखे तेथे आहे.

प्रथमदर्शनी तेथे द्राक्षबाग आहे असे वाटतच नाही. मांडव नाही, खांब नाहीत, तारा नाहीत. जमीन सारखी करून प्रत्येक वेलीसाठी एक उथळ आळे काढलेले असते व वेल त्या आळ्यात बसलेली असते. खोड जमिनीलगत राखून छाटणीने त्यावर साधारण सहा आखूड फांद्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चौफेर ठेवतात. त्यामुळे वारा वेलीच्या माथ्यावरून निघून जातो आणि पावसाचे पाणी आळ्यात उतरून मुळाशी मुरते. आळे एकदा काढून भागत नाही. ते वारंवार नीट करावे लागते. ही युक्ती दिसण्यास सोपी आहे, परंतु तिची किंमत शेतकऱ्याच्या कंबरेला मोजावी लागते, कारण छाटणीपासून काढणीपर्यंतची कामे वाकून व हातानेच करावी लागतात. या लागवडपद्धतीस युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

बेटावरील इतर गोष्टींतही वारा व पाणी यांचाच विचार आढळतो. ऑलिव्हची झाडेसुद्धा छाटून बुटकी ठेवतात. ‘दाम्मुसो’ नावाच्या जाड दगडी भिंतींच्या घरांचे छप्पर घुमटाकार असते; त्यावर पडलेले पावसाचे पाणी वाहून टाक्यात साठते. कोठे कोठे बिनछपराचा एक गोल दगडी बुरूज दिसतो व आत डोकावल्यास संत्र्याचे किंवा लिंबाचे एकच झाड आढळते. एका झाडासाठी एवढी भिंत बांधणारा शेतकरी वेडा नव्हे. भिंतीमुळे वारा अडतो, सावली मिळते व आतील ओलावा टिकतो.

येथील द्राक्षाच्या जातीस ‘झिबिब्बो’ म्हणतात. बेदाण्यास अरबी भाषेत ‘झबीब’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. द्राक्ष बियांचे व सुवासिक असते. ऑगस्टमध्ये पहिले घड काढून उन्हात पसरतात व काही आठवडे उलटेपालटे करीत वाळवितात. सप्टेंबरात काढलेल्या ताज्या द्राक्षांचा रस आंबत असताना त्यात ही सुकलेली द्राक्षे टाकून ‘पास्सितो’ नावाचे गोड मद्य करतात. मद्य हा येथे विषय नव्हे. वाळवणीतील फरक मात्र लक्षात घ्यावा. आपल्या तासगाव भागात बिनबियांचे घड पोटॅशियम कार्बोनेट व तेल यांच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर सावलीत वाळवितात, त्यामुळे बेदाण्याचा रंग फिका राहतो. पांतेल्लेरियात रंगाची फिकीर नाही. तेथे गोडी व सुवास महत्त्वाचा.

या शेतीस आज खरी अडचण आहे ती माणसांची. डोंगरउतारावरील अरुंद ताली कोरड्या दगडी बांधांनी धरलेल्या असल्यामुळे तेथे यंत्र फिरत नाही. विसाव्या शतकात लागवडीखालील क्षेत्र पुष्कळ घटले व अनेक ताली पडीक झाल्या. पडीक तालीचा बांध कोणी दुरुस्त करीत नाही. एक दगड निसटला की पुढच्या पावसात त्यामागील माती वाहू लागते आणि तिचा भार खालच्या तालीवर येतो. त्यामुळे वेल राखणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या बांधाबरोबर वरच्या पडीक तालीकडेही लक्ष ठेवावे लागते.