हुंकाराची जागा : पंडवानीच्या प्रकाशात ‘इल्मॅटिक’

१

मौखिक रचना आणि ध्वनिमुद्रित रचना यांच्यात एक मूलभूत भेद मानला जातो. मौखिक रचना प्रत्येक प्रयोगात नव्याने घडते. ध्वनिमुद्रित रचना एकदाच घडते आणि पुढे केवळ पुन्हा पुन्हा ऐकली जाते. पहिलीला श्रोता समोर असावा लागतो. दुसरी श्रोत्याच्या अनुपस्थितीतच सिद्ध होते. हा भेद जसाच्या तसा स्वीकारला, तर रॅप या काव्यप्रकारासंबंधी एक कोडे उभे राहते. रॅप म्हणजे तालावर बोललेले, यमकांनी बांधलेले आणि समोरच्या समुदायाला उद्देशून केलेले कथन. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क याने तबकड्या वाजवून रंगविलेल्या मेळाव्यापासून हिप-हॉपचा प्रारंभ मानण्याचा प्रघात आहे. मेळाव्यात जन्मलेली ही वाणी तबकडीत बंद झाली की लवकर शिळी व्हावी, असे तर्काने वाटते. तिची बोली झपाट्याने पालटते, तिच्यातील माणसे व प्रसंग विस्मृतीत जातात. तरीही काही मोजक्या ध्वनिमुद्रिका तीन दशकांनंतरही त्या काळी जन्मलेलेही नसलेले श्रोते आत्मीयतेने ऐकतात. १९ एप्रिल १९९४ रोजी प्रसिद्ध झालेली नास याची ‘इल्मॅटिक’ ही त्यांपैकी एक अग्रगण्य कृती होय. तिच्या या चिरस्थायी आवाहकतेचे मूळ कोठे शोधावे?

प्रस्तुत लेखात हा शोध छत्तीसगढच्या पंडवानीच्या आधारे घेतला आहे. रायपूर ही त्यासाठी सोयीची जागा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेशी जोडला गेलेला हा प्रदेश मराठीला परका नाही. मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हिंदीत आणले. गजानन माधव मुक्तिबोधांच्या आयुष्याची अखेरची वर्षे राजनांदगावात गेली. एका भाषेतील प्रश्नाला दुसऱ्या भाषेत उत्तर शोधण्याची सवय या भूमीला आहे. शिवाय रायपूर, दुर्ग, भिलाई या पट्ट्यात कथनगायनाची अशी एक परंपरा नांदते, की जिने श्रोत्याला रचनेच्या आतच एक निश्चित आसन दिले आहे.

२

पंडवानी म्हणजे पांडवांची वाणी, महाभारताचे छत्तीसगढी कथनगायन. तिचा लाडका नायक भीम. तिच्या दोन शाखा सांगितल्या जातात. वेदमती शाखा सबलसिंह चौहानांच्या दोहा-चौपाईतील महाभारताचा आधार घेते आणि सामान्यतः बसून गायिली जाते. झाडूराम देवांगन हे तिचे मान्यवर गायक. कापालिक शाखेत कथा स्मृतीतून व कल्पनेतून उमलते, आणि गायक उभा राहून, वावरत ती साकारतो. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांनी ही शाखा जगभर नेली. एका हातात तंबुरा, दुसऱ्या हातात करताल. तोच तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य, तर क्षणात द्रौपदीचे केस.

पंडवानीच्या वर्णनात अभिनयाचा आणि तंबुऱ्याच्या या रूपांतरांचा उल्लेख हमखास येतो. त्या मानाने एका व्यक्तीकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. ती व्यक्ती म्हणजे ‘रागी’. रागी हा मुख्य गायकाचा साथीदार; पण केवळ सूर धरणारा नव्हे. तो प्रत्येक वाक्यानंतर हुंकार भरतो, ‘मग काय झाले?’ असे विचारतो, आश्चर्य प्रकट करतो, शंका काढतो, मध्येच कथेला आजच्या गावातला दाखला जोडतो. कथा त्याला ठाऊक नसते असे नाही. त्याने ती शेकडो वेळा ऐकलेली असते. तरीही प्रत्येक वेळी तो न ऐकल्यासारखा विचारतो, आणि त्याच्या या विचारण्यामुळे समोरच्या समुदायाला ऐकावे कसे याचे जणू वळण लागते. रागी हा श्रोत्यांचा प्रतिनिधी आहे. पण तो बसतो मात्र गायकाच्या बाजूला.

या व्यवस्थेचे मोल पंडवानी गावाबाहेर पडली तेव्हा विशेषत्वाने प्रत्ययास आले. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ (१९८८) या दूरदर्शन मालिकेत महाभारताच्या प्रसंगी तीजनबाईंची पंडवानी योजिली होती. घरोघरच्या प्रेक्षकांना छत्तीसगढी येत नव्हती आणि गायिकेसमोर गावचा समुदाय नव्हता. पण हुंकार भरणारा तेथेही होता. प्रत्यक्ष श्रोता नाहीसा झाला तरी श्रोत्याची जागा रिकामी पडली नाही, आणि घरी बसलेला अपरिचित प्रेक्षक त्या जागेवर अलगद येऊन बसला. येथूनच मूळ प्रश्नाच्या उत्तराची दिशा दिसू लागते.

३

‘इल्मॅटिक’चा कर्ता नासिर जोन्स हा १९७३ सालचा, म्हणजे हिप-हॉपचा समवयस्क. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील क्वीन्सब्रिज या सार्वजनिक गृहवसाहतीत तो वाढला. १९३९ मध्ये उघडलेली, तीन हजारांहून अधिक सदनिकांची ही वसाहत. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात मादक द्रव्यांच्या व्यापाराने आणि गोळीबाराने ती पोळून निघाली. १९९२ मध्ये नासचा जिवलग मित्र विली ग्रॅहम तेथेच मारला गेला. वडील ओलू दारा हे जॅझ संगीतातील कॉर्नेटवादक. मुद्रिकेतील तिसऱ्या रचनेच्या अखेरीस त्यांचे वादन ऐकू येते. मुद्रिका प्रसिद्ध झाली तेव्हा कवी अवघा वीस वर्षांचा होता. दहा भाग आणि सुमारे चाळीस मिनिटे एवढाच तिचा विस्तार.

आरंभी तिचा खप बेताचाच होता. पाच लाखांच्या विक्रीचे सुवर्णमानांकन तिला १९९६ मध्ये लाभले, तर दहा लाखांचे २००१ मध्ये. पुढे मायकेल एरिक डायसन आणि सोहेल दौलतझाई यांनी संपादित केलेला, केवळ या एका मुद्रिकेवरील लेखांचा ग्रंथ २००९ मध्ये निघाला. आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय सूचीत तिचा समावेश केला. रसिकमान्यता आणि विद्वन्मान्यता दोन्ही लाभल्या, पण सावकाशीने. सावकाश वाढलेली कीर्ती ही बहुधा रचनेतील एखाद्या गुणाची निदर्शक असते.

तो गुण म्हणून सामान्यतः नासचे शब्दप्रभुत्व पुढे केले जाते. ते निर्विवाद आहे. त्याची यमके चरणान्ती थांबत नाहीत. ती ओळीच्या पोटात साखळीसारखी गुंफली जातात आणि वाक्य तालाची सीमा ओलांडून पुढच्या चरणात उतरते. वास्तवदर्शन हा दुसरा गुण सांगितला जातो, आणि तोही खरा आहे. परंतु शब्दप्रभुत्व आणि वास्तवदर्शन हे गुण त्या दशकातील इतरही मुद्रिकांत आढळतात. त्यांनी कृती चांगली ठरते; ती टिकली का, याचा उलगडा होत नाही.

४

पंडवानीचा रागी मनात ठेवून ‘इल्मॅटिक’ ऐकली, तर एक गोष्ट स्पष्टपणे जाणवते. या मुद्रिकेत कवी क्वचितच एकटा बोलतो. पहिल्या भागात तर काव्य जवळजवळ नाहीच. आगगाडीचा खडखडाट, हिप-हॉपवरील ‘वाइल्ड स्टाइल’ या जुन्या चित्रपटातील संवाद, मागे नासच्याच १९९१ मधील पहिल्या ध्वनिमुद्रित कडव्याचा आवाज, आणि पुढे मित्रांच्या गप्पा. गायक प्रकट होण्यापूर्वी बैठक जमते. दुसऱ्या रचनेच्या प्रारंभी, सुरुवात कशी करावी हे सुचत नसल्याची कवीची कुजबुज आहे. तीही तशीच राहू दिली आहे. प्रयोगाच्या क्षणाचा हा ठसा पुसून टाकणे सहज शक्य होते. तो राखला गेल्यामुळे श्रोता तयार वस्तूचा ग्राहक न राहता घडत्या प्रयोगाचा साक्षी होतो.

चौथ्या रचनेचे, ‘द वर्ल्ड इज युअर्स’चे, ध्रुपद प्रश्नोत्तराच्या घाटाचे आहे. हे जग कुणाचे, असे एक आवाज विचारतो आणि त्याला उत्तर मिळते. ‘रिप्रेझेंट’ या नवव्या रचनेचे ध्रुपद अनेक कंठांनी मिळून गर्जले आहे, आणि तिच्या शेवटी वस्तीतील सोबत्यांची नावे घेतली जातात. आपल्याकडे शाहीर कवनाच्या अखेरीस स्वतःची नाममुद्रा उमटवतो. येथे कवीने वस्तीचीच नाममुद्रा उमटवली आहे.

तथापि या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण रचना सातवी, ‘वन लव्ह’. तिची पहिली दोन कडवी म्हणजे तुरुंगात असलेल्या मित्रांना लिहिलेली पत्रे आहेत. बाहेर काय चालले आहे, कोण कुणाशी कसे वागले, घरची माणसे कशी आहेत, ही वार्ता कवी त्यांना कळवतो. तिसऱ्या कडव्यात घाट बदलतो. कवी वस्तीतल्या बाकावर बसलेल्या एका कोवळ्या मुलाशी समोरासमोर बोलतो. तो मुलगा वयाने लहान असला तरी हिंसेच्या व्यवहारात मुरलेला आहे, आणि कवीला त्याला चार शहाणपणाचे शब्द सांगावयाचे आहेत. पहिल्या दोन कडव्यांतला श्रोता भिंतींमुळे उत्तर देऊ शकत नाही. तिसऱ्यातला समोर असूनही ऐकेलच याची शाश्वती नाही. हुंकाराची जागा रचनेत ठळकपणे आखली आहे, आणि ती रिकामी आहे. ही रिकामी जागाच पुढच्या प्रत्येक श्रोत्याला आत ओढून घेते. पत्र ज्याला लिहिले तो ते वाचत असतानाच आपणही ते वाचतो, आणि हुंकार भरण्याची जबाबदारी नकळत आपल्यावर येते.

‘इल्मॅटिक’च्या चिरस्थायित्वाचे मर्म येथे आहे. तिने श्रोत्याचे स्थान आपल्या घाटातच राखून ठेवले. म्हणून मेळावा पांगला, काळ पालटला, बोलीतील शब्द जुने झाले, तरी त्या स्थानावर नवा माणूस येऊन बसू शकतो.

५

मराठी अभ्यासकाला हा विचार अपरिचित वाटू नये. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात, आणि त्यांच्या ‘जी जी’वाचून पोवाडा उभाच राहत नाही. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी कामगारवस्त्यांत शाहिरी नेली, तेव्हा विषय आमूलाग्र बदलले, पण झील त्यांनी सोडली नाही. सभेतील हजारो माणसे आणि एकटा शाहीर यांच्यामधला तो सेतू होता.

याच संदर्भात नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’चे (१९७२) उदाहरण उद्बोधक आहे. ‘गोलपिठा’ आणि ‘इल्मॅटिक’ या दोन्ही त्या त्या कवीच्या पहिल्या कृती. दोन्ही महानगरातील एका बदनाम वस्तीच्या. दोघींनीही वस्तीचा शब्दसंग्रह प्रतिष्ठितांच्या सोयीसाठी सौम्य केला नाही. भेद आहे तो माध्यमाचा. ढसाळांची कविता छापील पानावर आली, आणि पानावर झीलकरी नसतो. मग विजय तेंडुलकरांची प्रस्तावना ते कार्य करते. मध्यमवर्गीय वाचकाला अनोळखी असलेल्या शब्दांचे अर्थ विचारत, अडखळत त्या जगात शिरणारा प्रस्तावनाकार हा एका परीने रागीच आहे. तो न कळल्याचे लपवत नाही, आणि म्हणूनच वाचकालाही न कळता ऐकत राहण्याचे धैर्य येते. परक्या बोलीतील कृती परक्यांपर्यंत पोचते ती केवळ शब्दकोशामुळे नव्हे. विचारणारा कोणी सोबत असावा लागतो.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मुद्रिकेची कीर्ती ही स्मरणरंजनाची आणि बाजाराची निर्मिती आहे. २०१४ मध्ये विसावे वर्ष साजरे झाले, नवी आवृत्ती निघाली, माहितीपट निघाला, वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये राष्ट्रीय वाद्यवृंदासह तिचे गायनही झाले. हे सारे खरे. परंतु स्मरणरंजनाला स्मरण लागते, आणि ज्यांना १९९४ आठवतच नाही त्यांचे आकर्षण त्याने सिद्ध होत नाही. बाजार जुने पुन्हा विकू शकतो. हुंकार विकत घेऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘इल्मॅटिक’मधील हुंकाराची जागा सर्वांसाठी मोकळी आहे काय? तिच्यातील मित्र, सहगायक, पत्रांचे धनी, बाकावरचा मुलगा हे सारे पुरुष आहेत. स्त्रिया उल्लेखापुरत्या येतात, आणि ते उल्लेख अनेकदा हीनत्वदर्शक असतात. एकही स्त्री प्रतिसाद देत नाही. येथे पंडवानी केवळ तुलनेचे साधन न राहता टीकेचे मानदंड होते. स्त्रियांनी गायिलेच तर बसून गावे असा संकेत असताना, तीजनबाईंनी वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात पहिला प्रयोग केला आणि उभ्याने गाण्याची कापालिक शैली आपलीशी केली. गाण्यापायी त्यांना जातीबाहेर जावे लागले. पुढे त्यांना २०१९ मध्ये पद्मविभूषण लाभले; पण वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाची घटना वेगळीच आहे. द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा प्रसंग स्त्री उभी राहून सांगू लागली आणि बाजूचा पुरुष रागी तिला हुंकार देऊ लागला, तेव्हा कथा तीच राहूनही बोलणारा आणि ऐकणारा यांचे नाते बदलले. पंडवानी ही प्रयोगात जगत असल्यामुळे हे परिवर्तन तिच्या आत होऊ शकले. मुद्रिका स्थिर असते. तिच्यातील उणीव तिच्या आत भरून काढता येत नाही, बाहेरून नव्या कृतीनेच तिला उत्तर द्यावे लागते. टिकाऊपणाची ही किंमत आहे, आणि ‘इल्मॅटिक’चे मूल्यमापन करताना ती हिशेबात धरली पाहिजे.

७

या विवेचनातून संपादन आणि अध्यापन यांसंबंधी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. मौखिक रचना पानावर उतरवताना पुनरुक्ती आखडती घेण्याकडे मुद्रणाचा कल असतो. पोवाड्याची झील एकदा छापली की पुढे ती खुणेने दर्शविली जाते; रागीचा हुंकार ‘अर्थहीन’ म्हणून गाळला जाण्याचा धोका असतो. येल विद्यापीठाने २०१० मध्ये रॅपचा एक बृहद् संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील शब्दांच्या चुकीच्या लेखनावर बरीच टीका झाली. ती योग्यच होती. पण शब्द अचूक उतरले असते तरी ज्या आवाजांना उद्देशून ते उच्चारले गेले ते आवाज पानावर आलेच असते असे नाही.

छत्तीसगढी ही २००७ पासून राज्याची राजभाषा आहे, आणि तिचे मौखिक वाङ्मय पाठ्यपुस्तकांत व विद्यापीठीय संग्रहांत अधिकाधिक येणार हे उघड आहे. ते येताना केवळ पांडवांची कथा आली आणि रागी बाहेर राहिला, तर हाती उरेल तो महाभारताचा एक सारांश. वाणी टिकते ती बोलणाऱ्याच्या सामर्थ्यावर, तशीच ऐकणाऱ्यासाठी राखलेल्या जागेवरही. म्हणून रागीचा हुंकार आणि शाहिराची झील पानावर पूर्णपणे उतरवणे हे संपादकाचे ऐच्छिक काम नव्हे. ते संहितेचेच अंग आहे.